केळफांची जादू आणि आजचे बनावट चमत्कार

देवळाच्या आवारात दादासाहेब फाळक्यांचे मूकपट दाखवावेत, अशी सूचना एखाद्या उत्सव-मंडळापुढे आली, तर तिला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. त्या चित्रांत आहे काय? थोडी हातचलाखी, थोडा पोरकट विनोद, स्त्रीवेषातले पुरुष आणि खोटा नाग! देवाच्या दारी असल्या गारुड्याच्या खेळाचे काय प्रयोजन? असे विचारणारी मंडळी वयाने आणि मानाने मोठी असतात. त्यांच्या भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच मंडळींच्या खिशातील मोबाइलवर रोज सकाळी काय येऊन पडते आणि तेथून ते किती घरांत धाडले जाते, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. कुठे मूर्तीने पापणी लवविलेली असते, कुठे ढगांत देवाची आकृती उभी राहिलेली असते, कुठे पिंडीभोवती तेजाचे वलय फिरत असते. आणि खाली मजकूर असतो, की हे प्रत्यक्ष घडले आहे, दहा जणांना पाठवा. फाळक्यांचा खोटा नाग ज्यांना देवळात चालत नाही, त्यांना संगणकाने रंगविलेला खोटा देव मात्र देव्हाऱ्यापाशी चालतो! हा न्याय उफराटा आहे, एवढे स्पष्टपणे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. मूकपटाच्या पहिल्या पिढीने पडद्यावर जी माया उभी केली ती प्रामाणिक माया होती. 'ही माया आहे' हे सांगूनच ती दाखविली जाई. म्हणून देवळाच्या अंगणात तिला मानाने जागा मिळाली पाहिजे. उलट, आज चमत्कार म्हणून जे खपविले जाते ती माया नव्हे, बनावट आहे. आणि तिला हाकलून देण्याचे पहिले कर्तव्य श्रद्धावंतांचेच आहे, नास्तिकांचे नव्हे.

प्रथम ही चित्रे होती तरी कशी, ते पाहू. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार होता. प्रख्यात जादूगार रोबेर-हूदँ याच्या नावाचे नाट्यगृह त्याने १८८८ साली विकत घेतले आणि तेथे तो जादूचे प्रयोग करी. १८९६ पासून तो चित्रपट करू लागला. रस्त्यावरचे दृश्य टिपत असताना एकदा त्याचा कॅमेरा क्षणभर अडला आणि पुन्हा चालू झाला. पडद्यावर पाहतो तो प्रवाशांच्या गाडीची एकाएकी प्रेतयात्रेची गाडी झालेली! ही हकीकत मेलिएस स्वतः सांगत असे. ती अक्षरशः खरी असो वा थोडी रंगविलेली असो, पडद्यावरच्या जादूचे मूळ तंत्र तिच्यात आले आहे. कॅमेरा थांबवावयाचा, समोरची वस्तू बदलावयाची आणि पुन्हा चालू करावयाचा. त्याला त्याने दुसरी युक्ती जोडली: एकाच फिल्मवर दोनदा, चारदा, सातदा चित्र घ्यावयाचे. १९०० सालच्या एका छोट्या चित्रात तो एकटाच सात वादक होऊन सात खुर्च्यांवर बसतो आणि वाद्यवृंद वाजवतो. १९०२ सालच्या त्याच्या चंद्रप्रवासात तोफेतून सुटलेला गोळा चंद्राच्या डोळ्यात जाऊन रुततो. लोक पोट धरधरून हसत. पण चंद्राला खरोखर इजा झाली, असे मानून कोणी घरी गेला नाही. विनोद आणि जादू यांची जोडी त्या काळी जमली ती उगाच नव्हे. मनुष्य हसतो आहे तोवर तो फसलेला नाही, याची ती खूण असते.

जादूचा दुसराही एक उपयोग असतो आणि तोही त्याच परंपरेत पाहावयास मिळतो. ज्या रोबेर-हूदँच्या नावाचे ते नाट्यगृह, त्याला फ्रेंच सरकारने १८५६ साली अल्जीरियास पाठविले होते. तेथील फकिरांच्या चमत्कारांवर लोकांची श्रद्धा. तेव्हा त्यांच्याहून मोठे चमत्कार दाखवून राज्यकर्त्यांचा दरारा बसवावा, हा हेतू. जादू तीच, परंतु थिएटरात ती खेळ होती, अल्जीरियात ती सत्तेचे हत्यार झाली. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या सर्व विवेचनाचा आधार तोच आहे.

आता आपल्याकडे वळू. चित्रपट येण्याच्याही आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर हलवून पुराणकथा दाखविण्यास आरंभ केला होता. त्या खेळाचे नाव 'शांबरिक खरोलिका'. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्या नावावरून मायेला 'शांबरी' म्हणतात. पटवर्धनांनी आपल्या खेळाच्या नावातच माया कबूल केली होती. देवादिकांच्या कथा दाखवीत असतानाही 'आम्ही दाखवितो ती शांबरी आहे' असे म्हणण्यास त्यांना संकोच वाटला नाही, आणि प्रेक्षकांच्या भक्तीलाही त्यामुळे ओहोटी लागली नाही.

फाळके याच वाटेने आले. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. ज्योतिर्लिंगाच्या गावातला आणि शास्त्र्याच्या घरातला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. देवळे, पुराणे, कीर्तने यांच्यात वाढलेला हा मुलगा पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकला, छायाचित्रकार झाला, छापखानदार झाला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला होता. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या देवघरांत लागल्या. त्या तसबिरींना हळदकुंकू वाहताना लक्ष्मीला खरोखर कुणी समोर बसवून हे चित्र काढले काय, असा प्रश्न आजीने कधी विचारला होता? तसबीर हा पुरावा नव्हे, ते स्मरण आहे, हे तिला कोणी न शिकविता ठाऊक होते.

मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना फाळक्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत लिहिले. १९१२ साली ते विलायतेला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी चित्रपटाची कृती पाहिली. हे हेपवर्थही याच खेळातले. १९०० सालच्या त्यांच्या एका विनोदी चित्रात मोटारगाडीचा स्फोट होतो आणि प्रवाशांचे हातपाय आकाशातून खाली पडू लागतात. पोलीस शिपाई ते गोळा करीत बसतो. परत आल्यावर फाळक्यांनी पहिले चित्र केले ते देवाचेही नव्हे आणि राजाचेही नव्हे; ते होते एका रोपट्याचे. बी पेरून, ठराविक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी 'अंकुराची वाढ' टिपली. पडद्यावर ते कोंब काही क्षणांत तरारून वर आले. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. आणि त्यातून 'राजा हरिश्चंद्र' तयार होऊन ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या खेळाच्या जाहिरातीत सत्त्वशील हरिश्चंद्राबरोबर नाच होता, विनोदी नकला होत्या, पायांनी कसरती करणारा एक खेळाडूही होता! आजच्या सोवळ्या दृष्टीला हे विसंगत वाटेल. जत्रा पाहिलेल्या मनुष्याला त्यात विसंगत काहीच दिसणार नाही.

फाळके स्वतः जादूगार होते, ही गोष्ट त्यांचे भक्त हल्ली हळू आवाजात सांगतात. त्यात लपविण्यासारखे काय आहे? आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत, आणि त्या प्रयोगांचे छोटे चित्रही त्यांनी काढले. 'आगकाड्यांची मौज' या चित्रात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकृती घेत. 'लक्ष्मीचा गालिचा' मध्ये नाणी आपापली जागा शोधीत. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला 'पिठाचे पंजे' हे विनोदी चित्र होते. यांपैकी बहुतेक चित्रे काळाने नेली. ती फिल्म भडकन पेट घेणारी, आणि आपण ती जपलीही नाही. परंतु या केळफांनी एक गोष्ट अशी केली, की तिच्यामुळे त्यांना आजच्या सर्व बनावट चमत्कारवाल्यांच्या विरुद्ध साक्षीदार म्हणून उभे करता येईल. 'चित्रपट कसा तयार करतात' या चित्रात त्यांनी आपला कारखाना, आपली माणसे, आपली कृती पडद्यावर उघडी करून दाखविली. जादूगार आपली पोतडी झाकून ठेवतो. फाळक्यांनी ती चव्हाट्यावर ओतली.

आणि 'कालियामर्दन' पाहा. १९१९ सालचे हे चित्र बव्हंशी आज उपलब्ध आहे, हे आपले भाग्य. कृष्णाचे काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. चित्राच्या आरंभी कृष्ण येत नाही. सात वर्षांची एक मुलगी येते. ती मुलगीच आहे हे सांगितले जाते. ती रागावते, हसते, रुसते, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ती साधी मुलगी विरघळून तिच्या जागी मोरमुकुटधारी कृष्ण उभा राहतो. याहून प्रामाणिक युक्ती कोणती असू शकेल? 'ही माझी पोर आहे. आता हिच्यात कृष्ण पाहा,' असेच जणू बाप प्रेक्षकांना सांगतो आहे. त्याआधी 'लंकादहना'त अण्णा साळुंके या एकाच नटाने रामाचे आणि सीतेचे अशी दोन्ही कामे केली होती. तरीही पडद्यावर राम आला की लोक हात जोडीत, दंडवत घालीत, अशा आठवणी त्या काळच्या प्रेक्षकांनी सांगितल्या आहेत. आता हे लोक फसलेले होते काय? मुळीच नाही. तो नट आहे, तो पडदा आहे, हे ठाऊक असूनही त्यांनी नमस्कार केला. दगड आहे हे ठाऊक असूनही मूर्तीला करतो तसाच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सोवळ्यांचा: देवळात विनोद आणि गारूड नको. या मंडळींनी कोकणात, गोव्यात देवळापुढे रात्रभर रंगणारा दशावतार पाहिला नाही काय? तेथे गणपतीही मुखवटा बांधून येतो, आणि वेद पळविणारा संकासुर लोकांना खदखदा हसवून जातो. गौळणीतला पेंद्या कोणाला ठाऊक नाही? आणि खुद्द मोहिनी-भस्मासुराची कथा घ्या. विष्णूने स्त्रीरूप घेतले, असुराला नाचविले आणि त्याचाच हात त्याच्याच मस्तकावर ठेवविला. यात माया आहे आणि विनोदही आहे. पुराणकाराने जे देवाच्या पदरी घातले, ते फाळक्यांनी पडद्यावर घातले, एवढेच. आमच्या या सीमाभागाला तर असला आक्षेप मुळीच शोभत नाही. बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. राज्य कसे मिळवावे आणि कसे टिकवावे हे सांगणाऱ्या त्या ग्रंथात वीस विनोदांची एक स्वतंत्र विंशती आहे. तिच्यात गीत, वाद्य, नृत्य, कथा यांच्या पंक्तीला चमत्कारविनोदही बसविलेला आहे. सोमेश्वराने चमत्काराला विनोदात जागा दिली, ही त्याची शहाणीव. नऊशे वर्षांनंतर त्याच भूमीत चमत्कार विनोदातून उचलून प्रमाणात नेऊन बसवावा, आणि वर त्याला धर्म म्हणावे, ही प्रगती म्हणावयाची की अधोगती?

दुसरा आक्षेप सुधारकांचा. ते म्हणतात, या पौराणिक चित्रांनीच लोकांना चमत्काराची चटक लावली. आजच्या अंधश्रद्धेचे बी फाळक्यांनी पेरले. हा आरोप ऐकावयास सुटसुटीत आहे, पण तो खोटा आहे. ज्याने रोपट्याची वाढ टिपून दाखविली, कारखान्याची कृती दाखविली, देव होण्याआधीची मुलगी दाखविली, त्याने अंधश्रद्धेचे बी पेरले असे म्हणणे म्हणजे दिवा लावणाऱ्यावर काळोखाचा आळ घेणे होय. 'श्रीकृष्णजन्म' मध्ये भयभीत कंसाला चोहीकडे कृष्णच कृष्ण दिसू लागतात. तेथे युक्तीने दाखविले आहे ते काय? पाप्याच्या मनाची अवस्था. ते चित्र पाहून एखादा खेडूत 'देव खरेच असा वेढा घालतो' असे म्हणाला असेल, तर त्याला कंसाच्या मनातले भय समजले होते. कॅमेऱ्याने काय केले एवढेच पाहून थांबणाऱ्या विद्वानांना ते भय दिसलेच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. कोणी म्हणतात, असेना का ते मोबाइलवरचे चित्र खोटे. त्याने चार माणसांची भक्ती वाढत असेल, तर तुमचे काय बिघडले? पुष्कळच बिघडले. कलबुर्गी जिल्ह्यातले गाणगापूर घ्या. श्रीनृसिंहसरस्वतींना दिवाळीसाठी सात गावच्या शिष्यांनी बोलाविले, आणि आठ रूपे घेऊन ते सर्वांच्या घरी गेले व मठातही राहिले, ही गुरुचरित्रातली कथा तेथे येणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. शतकानुशतके लोकांनी ती ऐकली. तिच्यासाठी त्यांनी कोणाकडे छायाचित्र मागितले नाही. प्रत्येक शिष्याला गुरू आपल्याच घरी होते असे वाटावे, यातला जिव्हाळा त्यांना पुरत होता. उद्या कोणी संगणकावर आठ आकृत्या जुळवून 'हा पाहा पुरावा' म्हणून पुढे धाडील, तर तो त्या कथेला बळ देतो काय? तो तिचा अपमान करतो. पुराव्यावाचून ही कथा लंगडी आहे, असे तो नकळत कबूल करतो. आणि तो पुरावा उद्या शाळेतल्या पोराने दोन मिनिटांत खोटा ठरविला, की त्या पोराच्या मनातून पुराव्याबरोबर कथाही उतरते. नास्तिकाला जे शंभर व्याख्यानांनी साधणार नाही, ते भाविकाने पाठविलेले एक खोटे चित्र साधते. मेलिएसचे सात वादक आणि कंसाभोवतीचे कृष्ण ज्या युक्तीने झाले, त्याच जातीची ही युक्ती आहे. फरक इतकाच, की त्यांनी ती खेळ म्हणून मांडली आणि हे ती साक्ष म्हणून मांडतात. रोबेर-हूदँने अल्जीरियात केले ते परक्यांनी परक्यांवर केले. आपण तर आपल्याच माणसांवर, आपल्याच देवाच्या नावाने करीत आहो.

पूर्वी असली बनावट करावयास कौशल्य आणि वेळ लागे. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावयाचा, तीच फिल्म मागे घेऊन दुसरी छाप नेमक्या जागी उमटवावयाची. एक चूक झाली की सारे श्रम वाया. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळी लिहून सांगितले, की हवा तो देव हवे ते करून दाखवितो. हवे त्या महाराजांच्या तोंडी हवे ते शब्द घालता येतात. आज मूर्तीची पापणी लवेल. उद्या एखाद्या मठाधिपतीच्या तोंडून दुसऱ्या समाजाविरुद्ध विषारी वाक्य बाहेर पडेल, आणि ते त्यांनी कधी उच्चारलेलेही नसेल. ज्या गावाने पापणी खरी मानली, ते गाव वाक्यही खरे मानील. बीदर, हुमनाबाद, भालकी, औराद, आळंद येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. तेथे असल्या एका ठिणगीची किंमत काय पडेल, हे सांगावयास पाहिजे काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि ती उत्सव-मंडळांना, मठांना, देवस्थान-समित्यांना हात जोडून, पण ठामपणे करावयाची आहे. वर्षातून एका रात्री, दत्तजयंतीच्या, रामनवमीच्या किंवा गोकुळाष्टमीच्या उत्सवात, पांढरा पडदा बांधा आणि 'कालियामर्दन' दाखवा. तासाभराच्या आत ते संपते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि त्याने फाळक्यांचे जे उरले ते जपले. साठ वर्षांची स्वामित्वाची मुदत या चित्रांपुरती केव्हाच उलटून गेली आहे, तेव्हा परवान्याची अडचण सांगता येणार नाही. मूकपटाला पेटी-तबल्याची साथ असे. ती आपल्या भजनी मंडळाने द्यावी. कथा एखाद्या कीर्तनकाराने मराठीत आणि एखाद्या शास्त्र्याने कन्नडात सांगावी. पडद्यावरचा कृष्ण बोलत नाही, म्हणूनच तो या सीमाभागात कोणालाही परका नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी सकलमताचा उपदेश केला, आणि मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. त्या परंपरेला या खेळाइतके जवळचे दुसरे काय सापडेल?

आणि चित्र संपल्यावर दिवे लावून गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना अर्धा तास सांगावे: ही मुलगी कृष्ण कशी झाली, नाग पाण्यातून कसा वर आला, एका माणसाची दोन माणसे कशी होतात. त्यांच्याच हातातल्या मोबाइलवर तशी एक युक्ती करूनही दाखवावी. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने खोटा चमत्कार एकदा केला, त्याला दुसऱ्याचा खोटा चमत्कार जन्मात फसवू शकणार नाही. मात्र घरी जाताना तेच मूल गाभाऱ्यापुढे क्षणभर थांबून नमस्कार करील. त्या नमस्काराला हात लावण्याची आमची इच्छा नाही, आणि फाळक्यांचीही नव्हती.

उरला एक नियम, आणि तो प्रत्येक देवस्थानाने आपल्या फलकावर लिहावा: आमच्या देवाच्या नावाने फिरणारे कोणतेही 'चमत्काराचे' चित्र आमचे नाही, ते पुढे पाठवू नये. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या मुलाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपली पोतडी उघडून दाखविली होती. आता देवस्थानांनी आपली भूमिका तितक्याच उघडपणे सांगावी. ज्या देवस्थानाला असा फलक लावण्याचे धैर्य होणार नाही, त्याने निदान मूकपटांना 'गारुड्याचा खेळ' म्हणून हिणविणे तरी सोडून द्यावे.